उलाळ

माझा भाचा डेन्व्हरला असतो. "मामा, यंदा हॉटेलात उतरायचे नाही, घरच बरोबर घेऊन जायचे," असे तो फोनवर म्हणाला, तेव्हा परदेशी राहून पोराला कवित्वाची बाधा झाली असावी, अशी माझी समजूत झाली. परंतु २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तेथे पोचलो, तो दारात खरोखरच पंचवीस फुटी पांढरे घर चार चाकांवर उभे! त्याला इंजिन नाही. आत शेगडी आहे, मोरी आहे, पुढच्या अंगाला ऐसपैस पलंग आहे. हे सारे पिकअप ट्रकच्या मागे अडकवायचे आणि निघायचे. आमची मजल होती युटा राज्यातल्या मोॲब गावापर्यंत, म्हणजे साडेतीनशे मैलांची.

जोडणी मी कौतुकाने पाहिली. ट्रकच्या मागे मुठीएवढा पोलादी गोळा असतो. ट्रेलरच्या दांडीचे टोक त्यावर टोपीसारखे बसते. शिवाय दोन साखळ्या असतात आणि त्या दांडीखाली एकमेकींवरून फुली करून अडकवायच्या. का? तर टोक निसटलेच तर ते रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडावे म्हणून. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात, आणि ते वेगळे लावायची बोटभर कळ चालकाच्या हाताशी असते. भाचा या उस्तवारीत गुंतलेला पाहून मी म्हणालो, "सामान माझ्याकडे दे."

वास्तविक मराठीच्या प्राध्यापकाने अशा वेळी गप्प बसावे. पण पाहुण्यालाही काहीतरी काम हवेच ना! मोॲबच्या वाळवंटातल्या आमच्या तळावर पाणी नव्हते, म्हणून पाच पाच गॅलनचे सहा कॅन भरून घेतले होते. एक गॅलन पाणी म्हणजे आठ पौंडांहून जास्तच, तेव्हा हे एकूण अडीचशे पौंडांचे ओझे झाले. त्याशिवाय जळणाची लाकडे, लोखंडी खुर्च्या आणि अक्काचा तांदूळ. पुढच्या पलंगाखाली मोठा कप्पा होता. पण पलंग अक्काचा, तिला अडचण नको, म्हणून मी सारे मागच्या टोकाला नीट रचले. रचून झाल्यावर हात झटकून मागे सरकून पाहिलेही. फार बरे वाटले.

आम्ही चौघे ट्रकमध्ये बसलो. पश्चिमेला सत्तर नंबरचा महामार्ग डोंगरात शिरतो आणि चढत चढत अकरा हजार फुटांवर आयसेनहॉवर बोगद्याशी येतो. हा बोगदा १९७३ साली खुला झाला. पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी शेजारचा दुसरा १९७९ साली. मे महिन्यातही कडेला बर्फ होते. डोक्यावरच्या या कण्याच्या एका अंगाचे पाणी अटलांटिककडे जाते, दुसऱ्या अंगाचे पॅसिफिककडे. ही माहिती मी आमच्या हिला सांगत होतो, एवढ्यात बोगदा संपला आणि सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा लांबच लांब उतार लागला.

शेजारून एक मोठी बस पुढे गेली. तिच्या वाऱ्याने ट्रेलरला किंचित धक्का बसला, एवढेच. पण तो धक्का जिरेना. आरशात पांढरे घर डावीकडे झुकले, मग उजवीकडे, मग अधिक डावीकडे. त्याबरोबर आमच्या ट्रकचे ढुंगणही हलू लागले. जणू शेपूट कुत्र्याला हलवीत होते! अक्काने समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली. "ब्रेक लाव रे!" मी ओरडलो. भाच्याने ट्रकचा ब्रेक दाबला नाही. त्याने पाय हलका केला, चाक सरळ धरून ठेवले आणि ती बोटभर कळ दाबली. ट्रेलरचे ब्रेक लागले, ट्रेलर मागे ओढला जाऊन ताठ झाला आणि झोके हळूहळू निवाले. सगळा प्रकार दहा सेकंदांचा असेल.

सिल्व्हरथॉर्नला तो एका मैदानात थांबला. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "मामा, पाण्याचे कॅन कुठे ठेवलेत?"

मी सांगितले. त्याचा आवाज चढला नाही, याचीच मला जास्त शरम वाटली. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीच्या टोकावर, म्हणजे त्या गोळ्यावर, पडायला हवा. त्याहून कमी पडला तर ट्रेलर वाकडा चालतो, असे त्याने समजावले. आमचा ट्रेलर पाच हजार पौंडांचा. म्हणजे गोळ्यावर पाचशे ते साडेसातशे पौंड हवेत. मी मागे रचलेल्या ओझ्याने पुढचा भार उचलून धरला होता.

ते ऐकताना मला कऱ्हाडकडचे आमचे आबा आठवले. उसाची गाडी भरताना ते दर वेळी जू हाताने तोलून पाहात. मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलते, जोतीचा फास बैलांच्या गळ्याला बसतो. मग आबा भरणाऱ्या गड्यावर खेकसत, "अरे, गाडी उलाळ झाली! मोळ्या फुडं घे!" उलाळ! दरसाल हा शब्द मी वर्गात शिकवतो. मागे जड झालेली गाडी, असा अर्थ फळ्यावर लिहितो, मुले उतरवून घेतात. शब्द माझ्या जिभेवर होता आणि हातांनी मात्र मी अडीचशे पौंड पाणी आसाच्या मागे नेऊन ठेवले होते.

"अक्का," मी म्हणालो, "आबांनी आज मला चाबकाने फोडला असता."

"फोडला असता का? मी असते तर मीच फोडला असता," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे सगळे हसलो. भाच्याला उलाळ हा शब्द ठाऊक नव्हता. मी सांगितला, त्याने दोनदा घोळवून म्हणून पाहिला. मग आम्ही दोघांनी सहाही कॅन एकेक करून पुढच्या कप्प्यात नेले. त्या उंचीवर चार पावलांत धाप लागते. मला जरा जास्तच लागली, आणि तो दोनदा "राहू द्या मामा" म्हणाला तरी मी थांबलो नाही.

पुढे व्हेलची खिंड आली, तीही साडेदहा हजार फुटांवर. उतारावर मालमोटारी बाजूने गेल्या, पण पांढरे घर आमच्यामागून निमूट आले. मी मात्र मोॲब येईपर्यंत आरशावरून नजर हलविली नाही, त्यामुळे कोलोराडो नदीचे सुप्रसिद्ध सौंदर्य माझ्या वाट्याला फारसे आले नाही.

रात्री तांबड्या खडकांच्या पायथ्याशी तळ पडला. अक्का पलंगावर आडवी झाली, तोच तिचा आवाज आला, "अरे, या पलंगाखाली पाणी डुचमळतेय. झोप कशी लागायची?"

"असू दे अक्का," भाचा बाहेरून म्हणाला, "नाहीतर गाडी उलाळ होईल."