ऑपरेशननंतरचं ऊनोदर



भाद्रपद जवळ आला की मंदिरात आपलं विचारणं सुरू होतं. यंदा किती उपवास, कोण कोणतं व्रत धरणार, पारणं कुणाकडे. गेली तीन वर्षं मला मात्र हा प्रश्न जरा वेगळा येतो. "तुला तर आता सोपंच आहे गं, भूकच लागत नसेल. दहाच्या दहा करून टाक!" विचारणाऱ्या प्रेमानंच विचारतात. पण त्याचं उत्तर देव्हाऱ्याच्या पायरीवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज निवांत लिहिते. वजनाचं ऑपरेशन झालेल्या माझ्या ओळखीतच आपल्या समाजातल्या चौघी आहेत. त्यांच्याही घरी हाच प्रश्न असतो.

माझं ऑपरेशन नागपूरला झालं. तेव्हा वजन १०८ किलो होतं, सोबत शुगर आणि दोन्ही गुडघे. या ऑपरेशनला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. दुर्बिणीतून जठराचा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची लांबट पिशवी ठेवतात. सुरुवातीला तिच्यात अर्धी-पाऊण वाटीच मावते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूक फारशी जाणवत नाही. आज माझं वजन ७१ आहे.

आता भूक नाही म्हणजे तप आपोआप झालं का? आपल्याकडे बाह्य तपं सहा सांगितली आहेत. पहिलं अनशन, दुसरं अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदर. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास धरून त्याहून कमी खायचं, ते ऊनोदर. भूक आहे, ताट वाढलेलं आहे, हात जाऊ शकतो, तरी राखून उठायचं. माझ्या पोटात पाचवा-सहावा घास मावतच नव्हता. भरलेल्या तांब्यात पाणी जात नाही, त्यात तांब्याचा संयम कुठला? म्हणून त्या वर्षी कुणी "केवढं तप करतेस" म्हणालं की मी हसून विषय बदलायची.

माझा खरा प्रश्न निराळाच होता. मी अनंत व्रत धरलेलं होतं. चौदा वर्षांचं व्रत, त्यातली अकरा झालेली, तीन उरलेली. अनंत चतुर्दशीला निर्जळ उपवास करायचा हा माझा नियम. आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की निर्जळ राहायचं नाही, पहिल्या वर्षी तर मुळीच नाही. अशा पोटाला एकदम पाणी पिऊन कसर भरून काढता येत नाही, त्यामुळे शरीर लवकर सुकतं. शिवाय फार दिवस खाणं सुटलं किंवा उलट्या होत राहिल्या तर ब१ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा परिणाम थेट नसांवर होतो. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण उद्यापनासाठी त्यांनी केव्हाच काढून ठेवलेली भांडी कपाटात दिसत होती. अकरा वर्षं वाया जाणार, हे त्यांच्याही मनात होतं आणि माझ्याही.

त्या चातुर्मासात आम्ही दोघी माताजींच्या दर्शनाला गेलो आणि सगळं सांगितलं. माताजींनी सोळाकारण भावनांतली एकच भावना आठवायला सांगितली, शक्तितस्तप. शक्तीप्रमाणे तप. तिला दोन बाजू आहेत, म्हणाल्या. शक्तीबाहेर जायचं नाही ही एक, आणि असलेली शक्ती लपवायची नाही ही दुसरी. आपण बायका पहिली बाजू आजारपणात आठवतो आणि दुसरी विसरतो. माझ्या व्रताची उरलेली तीन वर्षं त्यांनी मोजून आहार, रस-त्याग आणि स्वाध्याय यांवर लावून दिली. पाणी आणि औषध मोकळं ठेवलं. तुम्ही प्रत्येकीनं हे आपापल्या गुरूंना आणि आपापल्या डॉक्टरांना विचारायचं आहे. माझं उत्तर तुमचं असेलच असं नाही.

शक्तीबाहेर न जाण्याचा भाग आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाला. ऑपरेशननंतर रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. ती गेली नाहीत तर चरबीसोबत स्नायूही झिजतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस पुष्कळ गळतात ते झपाट्यानं वजन उतरल्यामुळे, आणि प्रथिनं-लोह कमी पडलं तर आणखी. घाबरू नका, खाणं नीट असेल तर ते बहुतेक परत येतात. आहारतज्ज्ञांच्या छापील कागदावर अंडी होती, मोडाची कडधान्यं होती. अंडी प्रश्नच नाही आणि मोड आम्ही खात नाही. मग मी आणि सासूबाईंनी आपला कागद तयार केला. पनीर ६० ग्रॅम, त्यातून सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं. तुरीच्या ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, सुमारे ९. सोयावडी कोरडी २५ ग्रॅम, सुमारे १३. मूगडाळीचं धिरडं, डाळ ४० ग्रॅम, साडेनऊच्या आसपास. एक ग्लास दूध, त्यात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची भुकटी, मिळून ११-१२. वाटीभर दही, ४. बेरीज साठच्या जवळ जाते. हे आजचं माप आहे. पहिल्या महिन्यांत एवढं मावत नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पावडर मी औषध म्हणून घेतली. पावडर घेताना डब्यावर अंड्याचं काही नाही ना, ते वाचून घ्या.

द्विदलाचा नियम यात अडचण होईल असं वाटलं होतं, तो उलट सोयीचा निघाला. डाळ आणि दही एकत्र घ्यायचं नाही, आणि पोटही एका वेळी एकच गोष्ट घेतं. दही साडेदहाला, वरण एक वाजता. सत्तू मी घरीच थोडा थोडा दळते, पिठाच्या मर्यादेप्रमाणे पावसाळ्यात तीन दिवसांचा, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. थंडीत ओल्या तुरीचे दाणे आपल्या वावरातून येतात, त्यांच्यासारखं तर काहीच नाही.

दोन सवयी बदलाव्या लागल्या. जेवताना पाणी प्यायचं नाही आणि जेवणानंतर अर्धा तास तरी थांबायचं. त्यामुळे ताट धुऊन पिण्याची आपल्यातली चाल अडली. आता मी ताटच घेत नाही. मुलीच्या उष्टावणाची चांदीची वाटी आहे, तिच्यात सासूबाई वाढतात. शेवटी चमचाभर पाण्यानं वाटी फिरवली की झालं, कणही वाया जात नाही. दुसरी सवय चावण्याची. एक घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. मऊ भात भरभर गेला तर छातीत दाटतं. आणि गोडाचं म्हणाल तर एका वेळी जास्त गोड गेलं की काहींना घाम, धडधड, जुलाब असा त्रास होतो. आपल्या वर्ध्याचा गोरसपाक पाहुण्यांना मी आजही आणते, माझ्या वाटणीचा एक छोटा तुकडा, तोही जेवणानंतर लगेच नाही.

रात्रीभोजन-त्यागाचं गणित सर्वात अवघड होतं. डिसेंबरात वर्ध्याला सूर्य पावणेसातला उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. दोन्हीकडची दोन-दोन घटका सोडली तर सव्वानऊ तास उरतात. त्यात पाच वेळचं खाणं आणि त्यानंतरचा थांबा यांत पाच तास गेले. उरलेल्या सव्वाचार तासांत दीड लिटर पाणी घोट घोट प्यायचं, म्हणजे दर सतरा मिनिटांना शंभर मिली. शिवाय लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र चालत नाही, मध्ये दोन तास हवेत. हे रोज जमणारं नाही. म्हणून अन्नाचा त्याग पूर्वीसारखाच पक्का ठेवला आणि माताजींच्या सांगण्याप्रमाणे उकळलेलं पाणी रात्री मोकळं ठेवलं. ऑपरेशनआधीचा चौविहार मोडला म्हणून मला सुरुवातीला रडू यायचं. आता येत नाही.

गोळ्यांबद्दल एक सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. ब१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम हे आयुष्यभर घ्यायचं आहे आणि ठरावीक काळानं रक्त तपासायचं आहे. आपण शाकाहारी, त्यामुळे ब१२ आधीच कमी असतं. पण बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. केमिस्टला विचारून गोळी, जिभेखाली ठेवायची गोळी किंवा वनस्पतीजन्य कवचाची कॅप्सूल मागायची. ब१२ जिवाणूंपासून तयार करतात. ड३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून येतं, दगडफुलासारख्या वनस्पतीपासून केलेलंही मिळतं. तेवढं विचारायला लाजू नका, पण अडचण आहे म्हणून गोळी बंदही करू नका. आणि ज्या लेकी-सुनांना मूल हवं आहे त्यांनी ऑपरेशननंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबायचं असतं, हेही घरात मोकळेपणानं सांगा.

आता माताजींनी सांगितलेली दुसरी बाजू, शक्ती न लपवणं. मला ती व्यायामात दिसली. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी नर्सनं चालवलं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरी आल्यावर अंगणात दहा मिनिटं, मग पंधरा, असं वाढवत गेले. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून उजाडलं रे उजाडलं की सेवाग्रामच्या रस्त्यानं निघायचं. हिवाळ्यात पाचच्या आत जेवण उरकलेलं असतं, त्यामुळे सूर्यास्ताआधी अर्धा तास हाती येतो. रात्री न जेवणाऱ्या घराला ही वेळ आपसूक मिळते आणि आपण ती बहुतेक पाटावर बसून घालवतो.

नुसतं चालणं पुरत नाही, हे मला वर्षभरानं कळालं. स्नायू राखायचे तर त्यांना जोर द्यावा लागतो. आठवड्यातून तीन दिवस मी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं करते, दहाचे तीन फेरे. भिंतीला हात लावून दंड. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या उचलणं. "मी रोज मंदिरात प्रदक्षिणा घालते, घरचं सगळं करते, व्यायाम होतोच" असं मीही म्हणायचे. प्रदक्षिणा भक्ती आहे, तिच्यात मिनिटं मोजू नयेत. व्यायामाला वेगळी वेळ द्यावी. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, एवढं जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच मोठ्या माणसांना सांगते. यंदा थंडीत मुक्तागिरीची बावन्न मंदिरं मी पायी केली. पूर्वी मी खाली धर्मशाळेत सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत बसायची.

ऑपरेशनला दीड-दोन वर्षं झाली की भूक परत येते, जास्त मावायला लागतं. वजन पुन्हा चढतं ते बहुधा तेव्हा. आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, ते सगळ्या पेपरांत आलं होतं. २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की वजन १३५ होतं, आता ९३ आहे. मध्ये दहा वर्षं गेली. एवढी वर्षं टाके वजन धरून ठेवत नाहीत, रोजचं वागणं धरतं. माझी भूक परत आली त्या दिवशी मला खरं तर बरं वाटलं. दुसरं धिरडं समोर होतं, मावलं असतं, आणि मी उठले. ते माझं पहिलं ऊनोदर.

आपल्याच सेवाग्रामला राहून गेलेल्या गांधीजींनी १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभात नियम घेतला होता की दिवसभरात पाचच पदार्थ खायचे आणि अंधार पडल्यावर काही नाही. उपवासासाठी जग त्यांना ओळखतं, पण हा मोजून खाण्याचा नियम रोजचा होता. आपल्याकडे अठ्ठाई करणारीची मिरवणूक निघते, ती निघावीच. वेळेवर वाटीभर वरण खाणारीची निघत नाही, म्हणून ते तप नव्हे असं मात्र समजू नका.

या भाद्रपदात माझं चौदावं वर्ष. चतुर्दशीला मी मीठ, तूप, गोड सोडून मोजका आहार घेईन, पाणी घेईन, गोळ्या घेईन आणि चालायलाही जाईन. उद्यापनाची भांडी सासूबाईंनी घासायला काढली आहेत. तुम्ही सगळ्या या, आणि मला आग्रह करू नका.

जय जिनेंद्र.