सोडलेलें व्यसन

उपदेश करणें हा आमच्या पेशाचा दोष आहे. तीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय झाली कीं मनुष्य घरींदारींही व्याख्यान देऊं लागतो. आमच्या या व्याख्यानांना आजवर एकच श्रोता खरोखर वश झाला, आणि त्याच्याच बाबतींत आम्हांस खालीं मान घालण्याची पाळी आली.

हा आमचा कॉलेजांतला मित्र. वसतिगृहापासून त्याच्या बोटांत सिगारेट असे. कर्करोग, हृदयविकार, मुलाबाळांच्या नाकांत जाणारा धूर, असें सर्व कांहीं सांगून आम्हीं त्याला भंडावलें, आणि एका पाडव्याला त्यानें ती खरोखरीच सोडली. आम्ही महिनाभर विजयी सेनापतीसारखे मिरवलों. पण वर्ष भरतें न भरतें तोंच त्याला शौचावाटे रक्त पडूं लागलें. दुर्बिणीनें तपासतां मोठ्या आतड्यास आंतून व्रण झालेले दिसले. डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें, अल्सरेटिव्ह कोलायटिस.

आम्ही समाचारास गेलों तेव्हां तो म्हणाला, "अरे, इतकीं वर्षें ओढत होतों, पोटाची कधीं तक्रार नव्हती. तुझें ऐकलें, आणि हें पाहा!"

आम्ही हंसलों. व्यसनी माणसाची ही ठरलेली सबब, असें आम्हांस वाटलें. आमचा एक जुना विद्यार्थी पोटाच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्याला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. तो मात्र हंसला नाहीं. "सर, ते म्हणतात त्यांत तथ्य असूं शकेल," एवढेंच बोलून त्यानें आम्हांस कांहीं निबंध वाचावयास दिले.

१९८२ सालीं वेल्समधील कार्डिफच्या डॉक्टरांनीं दाखवून दिलें होतें कीं, या रोगाच्या रोग्यांत धूम्रपान करणारे फारच थोडे आढळतात. पुढें असेंही दिसून आलें कीं, सिगारेट सोडल्यानंतरच्या कांहीं वर्षांत हा रोग जडण्याचा संभव वाढतो. आणखी नवल असें कीं, न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९३२ सालीं ज्याचें वर्णन केलें, त्या क्रोन्स डिसीजला हाच धूर चेतवितो. शस्त्रक्रियेनंतरही तो रोग उलटण्याचा धोका धूम्रपानानें वाढतो. वास्तविक हे दोन्ही रोग भावाभावांसारखे. शत्रूशीं लढण्यासाठीं ठेवलेली शरीराची प्रतिकारशक्ति आतड्यांतल्या नित्याच्या जंतूंवरच बिथरते आणि स्वतःचेंच घर जाळूं लागते. निकोटीन त्या फौजेंतील कांहीं पेशींना आवरतें, दाह वाढविणारीं द्रव्यें त्यांच्याकडून कमी निघतात. पण धुरांत निकोटीनखेरीज हजारों द्रव्यें असतात. एकाच धुरानें एक भाऊ निवावा आणि दुसरा पेटावा, हें कोडें पुरतें उलगडलेलें नाहीं.

हे निबंध मित्राला दाखवावे कीं नाहीं? दोन रात्री आम्हांस झोंप आली नाहीं. दाखवावे तर तो पुन्हा सिगारेट पेटवील. लपवावे तर ज्या सत्याच्या नांवावर आम्हीं त्याला उपदेश केला, त्याचाच अर्धा भाग आम्ही गिळून टाकणार. अखेर गेलों आणि सर्व सांगितलें. निकोटीनच्या पट्ट्यांनीं १९९४ च्या एका प्रयोगांत कांहीं रोग्यांना उतार पडला, परंतु रोग दबून राहावा म्हणून पुढील वर्षीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांचा उपयोग झाला नाहीं, हेंही सांगितलें.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दोष तुझाच?"

"कदाचित्. एका माणसापुरतें तें कोणालाच सांगतां येणार नाहीं."

"मग हें सांगायला कशाला आलास?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यानेंच पुढें म्हटलें, "फुप्फुसें गहाण टाकून आतडें सोडवायचें, हा सौदा मला परवडायचा नाहीं. औषधें आहेत, तीं घेईन."

त्यानें पुन्हा सिगारेट घेतली नाहीं. रोग अधूनमधून डोकें वर काढतो, औषधानें पुन्हा दबतो. आम्ही विद्यार्थ्यांना अजूनही सिगारेट सोडण्यास सांगतों. मात्र सोडल्यावर पोटाची तक्रार झाली तर अंगावर काढूं नका, डॉक्टरांकडे जा, एवढें आतां त्यांत जोडतों. धर्माचरण केलें म्हणजे शरीरानें त्याचें बक्षीस दिलेंच पाहिजे, असा कोठें करार नाहीं. हें कबूल केल्यापासून आमचा उपदेश थोडा लहान झाला आहे. मित्राच्या मतें, थोडा ऐकण्याजोगाही.