ज्येष्ठेची कनिष्ठा

भाद्रपदात गौरी यायच्या, त्या तीन दिवसांत घर आईच्या हातातल्या पंचांगावर चालायचं. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. चिंचेनं घासलेले पितळी मुखवटे पाटावर मांडलेले असायचे आणि आई कोठ्यांत गहू भरायची. मग साडी. निऱ्या एकसारख्या बसेपर्यंत तिच्या तोंडात टाचण्या असत. थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की दोघी इतक्या भरदार दिसायच्या, की आत नुसती पत्र्याची कोठी आणि तळाशी पसाभर धान्य आहे हे मला खरंच वाटत नसे.

ज्येष्ठा म्हणजे आकाशातला एक तारा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. वृश्चिकाच्या काळजाशी असलेला तो तांबडा ठिपका. ज्या महिन्याची पौर्णिमा त्याच्या आसपास होते, तो आपला ज्येष्ठ महिना. हा तारा आपल्यापासून सुमारे ५५० प्रकाशवर्षं दूर आहे. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड शिवरायांच्या जन्माच्याही आधी तिथून निघालेला आहे.

सूर्याच्या जागी ही ज्येष्ठा आणून ठेवली, तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ सगळे तिच्या पोटात जातील. तिची रुंदी सूर्याच्या सातशेपट आहे, वस्तुमान मात्र बारा-पंधरा पटच. एवढ्याशा ऐवजाला एवढा विस्तार मिळाला की जे व्हायचं तेच झालं आहे. तिची सरासरी घनता आपल्या श्वासातल्या हवेपेक्षाही हजारो पटींनी विरळ आहे. बाहेर पसरलेली झिरझिरीत वायूची साडी आणि खोल आत, मुठीत धरल्यासारखा, धगधगता गाभा. हे वाचलं तेव्हा मला आईनं भरलेली कोठी आठवली. खरं धान्य तळाशीच असतं.

या ज्येष्ठेला कनिष्ठाही आहे. निळसर-पांढरी, सूर्याच्या साधारण सातपट वस्तुमानाची, नि थोरलीपेक्षा कितीतरी तापलेली. थोरलीच्या पृष्ठभागाचं तापमान साडेतीन हजार अंशांच्या आसपास, तर धाकटीचं अठरा हजारांच्या घरात. तरी आपल्याला ती साठेक पटींनी मंद दिसते, म्हणून थोरलीच्या झगमगाटात बुडून जाते. चांगल्या दुर्बिणीतून दिसली तर हिरवट वाटते, पण तो तांबड्याशेजारी बसलेल्या नजरेचा भास आहे.

तिचा पत्ता लावला तो चंद्रानं. १३ एप्रिल १८१९ रोजी व्हिएन्नात खगोलशास्त्रज्ञ योहान टोबियास ब्युर्ग चंद्रामागे गेलेल्या ज्येष्ठेची वाट पाहत होते. चंद्राच्या कडेतून आधी एक मंद तारा बाहेर आला आणि काही सेकंदांनी ज्येष्ठा झळकली. धाकटीनं आधी उंबरा ओलांडला होता! पुढे १८४४ साली खगोल अभ्यासक जेम्स विल्यम ग्रँट यांना ती आपल्याच देशातून दिसली.

मला मात्र वेगळीच गोष्ट अस्वस्थ करते. या दोघी एकाच मेघातून जन्मलेल्या, जवळजवळ एका वयाच्या. तरी एक म्हातारी झाली आणि दुसरी अजून ऐन तारुण्यात आहे. कारण एकच, वजन. जो तारा जड, त्याला स्वतःचाच भार तोलून धरायला जास्त जळावं लागतं. सूर्याला एक हजार कोटी वर्षं पुरेल एवढा शिधा आहे, ज्येष्ठेनं आपला दीड कोटी वर्षांच्या आतबाहेर संपवत आणला. ज्येष्ठपण तिला वयानं आलेलं नाही, भारानं आलं आहे. घराघरांतल्या थोरल्या लेकींना हे वेगळं सांगायला नको. पाठच्या भावंडापेक्षा दोनच वर्षांनी मोठी असलेली मुलगी चाळिशीतच आईसारखी दिसू लागते, ते काही वर्षांच्या हिशेबानं नव्हे.

आणि थोरली नुसती जळत नाही, वाटतेही. तिच्या अंगावरून वायूचा संथ वारा सतत सुटतो आहे. सूर्य-पृथ्वी अंतराच्या पाचशेपटीहूनही लांब असलेली कनिष्ठा त्याच वाऱ्यात फिरते, आणि तिच्या प्रखर किरणांनी तो वायू उजळतो. थोरलीनं सांडलेलं धाकटीच्या उजेडात दिसतं. २०१७ साली चिलीतल्या दुर्बिणींनी ज्येष्ठेच्या पृष्ठभागाचा नकाशा काढला. तिच्यावरचा वायू अपेक्षेपेक्षा खूप उंचावर उसळताना दिसला.

येत्या काही लाख वर्षांत केव्हातरी तिचा गाभा कोसळेल आणि ती भरदिवसाही दिसेल अशी उजळून विझेल. प्राणवायू, लोहासारखी द्रव्यं अशाच ताऱ्यांनी मरताना उधळलेली आहेत. आपल्या श्वासात आणि रक्तात तीच आहेत. तिच्यामागे धाकटी राहील.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी चंद्र ज्येष्ठेच्या जवळपासच असतो. आरती झाली आणि ढगांत जरा उघाड मिळाली, तर घरातल्या थोरल्या लेकीला घेऊन अंगणात या आणि नैऋत्येला, चंद्राच्या आसपास, तो तांबडा ठिपका शोधा. धाकटी डोळ्यांना दिसणार नाही. पण ती तिथं आहे, हे तिला सांगा.