डोंगरगावचं तळं

खानदेशात विहीर खणताना काळी माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा, लागतो. त्या पाषाणाआधी इथे काय होतं, ते पाहायला मी पिंप्राळ्याहून वरोऱ्याला निघालो. भुसावळ, अकोला, वर्धा. जवळजवळ सगळी वाट लाव्हाच्या प्रदेशातली. वरोऱ्याकडे त्याची कड येते आणि खालचे थर उघडे पडतात.

वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या शिवारात एक शेतकरी भेटले. जीवाश्मांबद्दल विचारलं तर म्हणाले, "भाऊ, अशे गोटे तं नांगरतानी नेहमीच निघतेत." या मातीत सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ आहे. १९०८ साली आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी इथल्या अश्मीभूत माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. एकाचं नाव इओसेरॅनस हिस्लॉपी, नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. दुसरा लेपिसॉस्टियस इंडिकस, म्हणजे गार. त्याचे खवले जाड, चकाकदार, पत्त्यांतल्या चौकटीसारखे. आजचे गार पृष्ठभागावर येऊन हवाही घेतात. उथळ, तापलेल्या तळ्यात ही सोय किती मोलाची असेल! पण तिसरा, पिक्नोडस, घोटाळ्यात टाकतो. त्याचं कुळ मुख्यतः समुद्रातलं. मग तळ्याला समुद्राची वाट होती का? यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मला हा वाद फार आवडतो.

जवळच्या पिसदुऱ्यात डायनासोरची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि गवत डायनासोरच्या काळातही होतं हे कळलं.

शेतकऱ्यांनी विचारलं, "हे मासे आता कुठं हायेत?" गार उरलाय तो उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्यूबात. जीवाश्म मात्र आफ्रिकेत, युरोपातही मिळतात. इथून तो का गेला, हा त्यांचा पुढचा प्रश्न. तिथे मी गप्प झालो.

लाव्हा एका दमात आला नाही. दोन प्रवाहांमधल्या काळात पुन्हा पाणी साचलं, पुन्हा जीव आले. नागपूरच्या टाकळीला गोगलगायी मिळाल्या, मुंबईत वरळीला बेडूक. आमच्या खानदेशातल्या थरांमध्येही असा गाळ दडलेला असेल, असं मला मनापासून वाटतं. पावसाळा सरला की चोपड्याकडून सातपुड्याच्या नाल्यांत उतरायचं आणि दोन काळ्या थरांमधली फिकट माती शोधायची.