सही करण्यापूर्वी

रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करण्यासाठी माणसाला पाळण्यात बसवून वर नेणारी गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. हिब्रूत तिला 'बामत हरामा' म्हणतात. 'हरामा' म्हणजे वर उचलणे. पण आमच्या आईने हे नाव प्रथम ऐकले तेव्हा तिला हसू आवरेना!

ही गाडी वापरण्यापूर्वी रोज तपासायची असते. जमीन सपाट व घट्ट आहे ना, टायर व आधाराचे पाय ठीक आहेत ना, तेल कोठे गळत नाही ना, पाळण्याचा कठडा व दार पक्के आहे ना, वर विजेच्या तारा नाहीत ना, हे पाहायचे. मग रिकामा पाळणा खालच्या बटणांनी वर नेऊन उतरवायचा. इंजिन बंद पडल्यास तो खाली आणण्याची सोयही चालवून पाहायची. वर जाणाऱ्याने पट्ट्याचा दोर पाळण्यातल्या कडीलाच अडकवायचा, बाहेरच्या खांबाला नव्हे.

हे सर्व मला तोंडपाठ होते, आणि तेच नडले. 1984 सालच्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, घाईघाईने मी न पाहताच तपासणीच्या कागदावर खुणा केल्या व सही ठोकली. आपल्याच समाजाचा एक नवा मुलगा पाळण्यात चढायच्या बेतात होता. तो थांबून म्हणाला, "अंकल, हे तेल कसले?"

गाडीखाली भाकरीएवढा डाग होता. पाळणा रिकामाच वर नेला, तर नळीच्या सांध्यातून तेलाची धार लागली. मुकादम म्हणाला, "शुक्रवारी तर चालत होती!" मी गाडी बंद ठेवली. अर्धा दिवस बुडाला, बोलणीही खाल्ली. नळी फुटली तरी पाळणा धरून ठेवणाऱ्या झडपा अशा यंत्रात असतात, हे खरे. पण तेवढ्या भरवशावर दुसऱ्याच्या मुलाला वर पाठवायचे काय?

आपले वाडवडील शनवार तेली. त्यांच्या नातवाला गळणारे तेल दिसू नये, आणि कालच्या पोराला दिसावे!

गच्चीवरून कोणी पडू नये म्हणून नव्या घराला कठडा बांधावा, अशी तोराची आज्ञा आहे. पाळण्याचा कठडा कारखान्यातून येतो. त्यापुढचा कठडा म्हणजे तपासणाऱ्याची सही, आणि त्या दिवशी माझी सही पोकळ होती. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, हात लावून पाहिल्याशिवाय मी एकही खूण केली नाही.