अठ्ठ्याहत्तर पानांची बाई

टॅरोबाई म्हणजे भविष्य विचारायला वापरतात तो पत्त्यांचा कॅट. त्यांना आधी हातात घ्यावं, मग बोलायला बसावं. रमीच्या कॅटपेक्षा त्या अंगानं थोराड. एकेक पान सात सेंटिमीटर रुंद, बारा लांब, आणि अशी ७८. रोजच्या सवयीनं फर्रकन पिसायला गेलात तर निम्मी पानं मांडीवर, उरलेली पलंगाखाली. बाईंना घाई खपत नाही. थोडी थोडी पानं उचलून, सरकवत, सावकाश पिसावं लागतं. दोन-तीन मिनिटं हात तिथे गुंतले की छातीतली धडधड जरा खाली बसते. बाईंचा पहिला उपाय इथेच होऊन जातो. अजून एकही पान उलटलेलं नसतं.

कुळाचा विषय मात्र जपून काढावा. बाईंना मोठेपणाची भारी हौस. आपण मूळच्या इजिप्तच्या, तिथल्या पुजाऱ्यांच्या गुप्त विद्येच्या वारसदार, असं त्या कुणालाही सांगू देतात. हे कूळ त्यांना १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं बहाल केलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा एकही माणूस जगात नव्हता! खरं माहेर उत्तर इटलीतलं, पंधराव्या शतकातलं, आणि घराणं पत्त्यांच्या डावाचं. मिरवायची ती २१ चित्रं म्हणजे हुकमाची पानं, सोबतीला एक वेडा. मृत्यूचं पान हाती आलं म्हणून जुन्या डावात कुणी दचकत नसे. हुकूम तो हुकूम. फ्रान्समध्ये लोक आजही टॅरोचा डाव मांडतात आणि भविष्याचं नाव काढत नाहीत. मला बाईंचं हे खेळकर माहेर जास्त आवडतं.

त्यांच्या एका कृतघ्नपणाचा मला राग आहे. आज त्यांचा जो चेहरा जगभर ओळखला जातो, तो १९०९ मध्ये लंडनला पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढला. नुसत्या पाच तलवारी, सहा पेले असं मांडून न थांबता तिनं साध्या पानांतही माणसं आणली. कुणी ओझं वाहतंय, कुणी सांडलेल्या पेल्यांकडे बघत उभं आहे. नाव मात्र लागलं ते छापणाऱ्या रायडरचं आणि योजना आखणाऱ्या वेट यांचं. पामेला १९५१ साली वारली, तीही कर्जातच. पानांच्या कोपऱ्यात तिची सापासारखी वळणाची सही आहे. बाईंशी ओळख झाली की ती आधी शोधा.

सरळ उत्तर देणं बाईंच्या स्वभावात नाही. ‘होईल का?’ विचारलं की चित्र पुढे करतात आणि गप्प बसतात. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर दुसरंच चित्र. माझ्या एका मैत्रिणीनं आईच्या तपासणीचा रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री त्यांना तीनदा छळलं. तिसऱ्यांदा निघाली तलवारींची नव्वी.

ते पान बघाच एकदा. काळाकुट्ट अंधार, त्यात एकावर एक आडव्या नऊ तलवारी. खाली बिछान्यात एक बाई उठून बसलेली, चेहरा दोन्ही तळव्यांत. ‘ही मीच,’ मैत्रीण म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘गोधडी किती छान आहे गं हिची.’ खरंच आहे. एका चौकोनात गुलाब, एका चौकोनात राशीचं चिन्ह. रक्ताचा थेंब कुठे नाही. तलवारी मागे आहेत आणि हिनं डोळे झाकलेत.

मैत्रिणीनं कागद घेतला. एकेका तलवारीला एकेक काळजी लिहू लागली. सहावर अडली, सातवी सुचेना. त्या सहांतली एक होती ‘सकाळी दवाखान्यात जायला रिक्षा मिळेल का’. तिनं तिथल्या तिथे शेजारच्या काकांना मेसेज केला. पाच उरल्या. रिपोर्टमध्ये काय असेल ते बाईंना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. त्यांनी एवढंच केलं की पोटात गोळा होऊन बसलेलं काहीतरी बाहेर काढून चादरीवर ठेवलं, हातभर अंतरावर, बघता येईल असं. त्या रात्री तिला झोप लागली का, हे मी विचारलं नाही.

बाईंच्या नावानं भीती विकणारेही आहेत. मृत्यूचं पान दाखवून शांतीचा खर्च सांगणाऱ्याकडून उठून यावं. त्या पानावर घोड्यासमोर गुडघे टेकलेलं एक लहान मूल आहे आणि मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. हे तो दाखवत नाही.

तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा ‘कधी’ आणि ‘होईल का’ घरी ठेवून जा. ‘मला नेमकं काय छळतंय’ असं विचारा, एकदाच. सोबतची पुस्तिका उघडण्याआधी चित्रात काय दिसतं ते चार ओळींत लिहा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण उतरत नसेल, तर बाईंना पिशवीत झोपवा आणि १४४१६ फिरवा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रीही चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.