गचक्यांची सोबत

प्रवासवर्णनें वाचतांना आम्हांस एक गोष्ट नेहमीं जाणवते. त्यांत डोंगर, नद्या आणि सूर्यास्त विपुल असतात. परंतु ज्यांच्या खांद्यास खांदा लावून लेखकानें तो प्रवास केला, त्या मंडळींचा पत्ता बहुधा लागत नाहीं. जणू काय तो हिमालय त्या एकट्यासाठींच उभा होता! जीपमधून केलेला प्रवास तर एकट्याचा असूंच शकत नाहीं. म्हणून स्पितीच्या खोऱ्याविषयीं लिहितांना आम्ही जीपमधील माणसांविषयींही लिहिणार आहों.

हिमाचल प्रदेशांतील, तिबेटच्या सीमेस लागून असलेला हा मुलूख म्हणजे उंचावर नेऊन ठेवलेलें वाळवंटच होय. पावसाळी ढग दक्षिणेकडील रांगांवर रिते होतात व पलीकडे पोंचतो तो केवळ कोरडा वारा. सह्याद्रीच्या पूर्वेस आमचा माणदेश कोरडा कां, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास स्पितीचें कोडें उलगडावयास वेळ लागत नाहीं. तेथें झाड दिसलें कीं समजावें, गांव आलें. काझा हें मुख्य गांव सुमारें १२,००० फूट उंचीवर आहे. त्याच्याही वर लांग्झा येथें दगडांतून वळसेदार शंख सांपडतात. टेथिस नांवाच्या लुप्त समुद्रांतील जीवांचे ते अवशेष; आपल्या देवघरांतील शाळिग्राम ह्याच कुळांतला. जवळच्या हिक्किम गांवीं १९८३ पासून टपालकचेरी आहे. सुमारें १४,४०० फूट उंचीवरून आम्हीं घरीं पत्रें टाकलीं, आणि पत्रापेक्षां त्यावरील शिक्क्याचेंच आम्हांस अधिक अप्रूप वाटलें.

चालकासह आम्ही सातजण होतों: आम्ही उभयतां, नाशिकचे एक निवृत्त अभियंते व त्यांच्या पत्नी, छायाचित्रणाचा नाद असलेला एक तरुण, आणि साताऱ्याकडील एक निवृत्त शिक्षिका. ह्या एकट्याच आल्या होत्या; त्यांना सर्वजण 'बाई' म्हणत. रस्त्यावर कोठें डांबर, कोठें खडी, तर कोठें नुसतें ओढ्याचें पात्र. पहिल्या दिवशीं प्रत्येक गचक्यासरशीं कोणी ना कोणी शेजाऱ्याच्या अंगावर जाई आणि लगेच 'माफ करा हं' असे उद्गार निघत. दुसऱ्या दिवशीं हे उद्गार बंद पडले. तिसऱ्या दिवशीं अभियंत्यांचें डोकें निद्रेंत आमच्या खांद्यावर खुशाल विसावलें होतें आणि त्याचें आम्हां दोघांसही कांहीं वाटलें नाहीं. दिवाणखान्यांत दहा वर्षें भेटूनही जी जवळीक साधत नाहीं, ती खराब रस्ता तीन दिवसांत साधून देतो. अंगाची भीड गचक्यांनीं अशी मोडून काढली. जिभेची भीड मात्र शिल्लक होती.

ती लोसर येथें आडवी आली. सुमारें १३,४०० फुटांवरील हें गांव. येथून पुढें कुंझुमची खिंड ओलांडून त्या रात्रीं चंद्रताल सरोवराजवळ मुक्काम करावयाचा होता. त्या सरोवरासाठीं आमच्या तरुण मित्रानें दोन वर्षें रजा सांठविली होती. लोसरला चहासाठीं सारे उतरले. बाई उतरल्या नाहींत. आदल्या रात्रीपासून त्यांचें डोकें दुखत होतें व पहांटे दोनदां वांतीही झाली होती, हें तेव्हां कळलें. विचारतांच त्या हंसून म्हणाल्या, "कांहीं नाहीं हो, जरा पित्त झालंय. माझ्यासाठी कुणी अडून राहूं नका."

मग विचारविनिमय सुरू झाला. अभियंत्यांचें म्हणणें, खिंड वीस किलोमीटरांच्या आंत आहे. ती ओलांडली कीं पुढें मनालीपर्यंत सारा उतारच. तरुणानें हळूच म्हटलें, "बाई स्वतःच चला म्हणताहेत." आमची पत्नी परत फिरावें असें म्हणत होती. परंतु खिंड सुमारें १५,००० फुटांवर; तिच्यापुढें बातल व छत्रू येथील हंगामी ढाबे सोडल्यास कित्येक तास वस्ती नाहीं. उलट मागें काझा हजारांहून अधिक फूट खालीं, व तेथें रुग्णालय. उंचावर हवेचा दाब घटतो, श्वासागणिक मिळणारा प्राणवायु कमी पडतो, आणि त्यापासून होणाऱ्या विकारावर खालीं उतरणें हाच खरा इलाज होय, हें आम्हीं बोलून दाखविलें. तरीही बाईंचें 'चला' हें पारड्यांत जड ठरूं लागलें होतें.

आमचा चालक त्याच खोऱ्यांतला. इतका वेळ तो कांहीं बोलला नव्हता. त्यानें दार उघडलें आणि म्हणाला, "बहनजी, उस दीवार तक ज़रा चलकर दिखाइए।" भिंत पंधरा पावलांवर होती. बाई उतरल्या, पदर सारखा केला आणि निघाल्या. पांचव्या पावलास त्यांचा तोल गेला. आमच्या पत्नीनें त्यांना सांवरलें. चालकानें कोणाचेंच मत विचारलें नाहीं. गाडी वळली होती आणि पुढची जागा तरुणानें त्यांच्यासाठीं रिकामी केली होती.

काझा येथें डॉक्टरांनीं प्राणवायु लावला व प्रकृति स्थिर होतांच आणखी खालीं जावयास सांगितलें. ताबो सुमारें १०,७०० फुटांवर आहे. तेथें दोन दिवसांनीं इ. स. ९९६ मध्यें स्थापन झालेल्या त्या मठाच्या अंधाऱ्या दालनांतून बाई स्वतःच्या पायांनीं हिंडल्या, आणि भिंतींवरील चित्रें आम्हांस विद्यार्थी समजून दाखवूं लागल्या.

जीभ भीड पाळते. पाऊल पाळीत नाहीं. आपल्या घरांतून 'कांहीं नाहीं' हे शब्द किती वेळां उच्चारले जातात! तापानें फणफणलेली आई तेंच म्हणते, पेन्शनवरचे वडील तेंच म्हणतात, आणि सर्वांच्या मागून जेवावयास बसणारी गृहिणी पातेलें रितें पाहूनही तेंच म्हणते. दुसऱ्यास अडचण होऊं नये ही वृत्ति थोर आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु ऐकणारास तें उत्तर फार सोईचें असतें. तें खरें मानलें कीं ठरलेला बेत मोडावा लागत नाहीं. लोसरच्या त्या चहाच्या दुकानापुढें आम्हां सुशिक्षितांची मंडळी बाईंच्या शब्दांवर चर्चा करीत होती; त्यांच्या पावलांकडे पाहिलें तें एका चालकानें.

चंद्रताल आम्हीं पाहिला नाहीं. त्याची हळहळ वाटते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या तरुण मित्रास तर ती आमच्याहून अधिक वाटत असणार. मात्र परतीच्या साऱ्या वाटेंत त्यानें ती एकदांही बोलून दाखविली नाहीं. पुढें रस्ता पुनः उखडला, गचके पुनः सुरू झाले, आणि प्रत्येक वळणाआधीं पुढच्या जागेवर हात टेकून तो विचारीत राहिला, "बाई, घट्ट धरलंय ना?"